जुन्या जीपवरचे गंजरोधक थर आणि त्यावरचा नवा रंग: बारा रविवारांचा अनुभव

बाबांची जीप गेल्या आठवड्यात पुन्हा रस्त्यावर आली. काम हातात घेतलं तेव्हा दोन-तीन सुट्ट्यांत उरकेल असं वाटलं होतं. लागले बारा रविवार आणि मधल्या कितीतरी संध्याकाळी. त्यात प्रत्यक्ष रंग मारण्याचे दिवस मोजून तीन. बाकीचा सगळा वेळ एका प्रश्नापायी गेला: गंज लागू नये म्हणून आजवर या पत्र्याला जे जे फासलं गेलंय, त्यावर नवा रंग धरेल का? मला सुरुवातीला याचं सलग उत्तर कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवतेय.

२ फेब्रुवारीला मी डाव्या दाराच्या खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. पत्रा वरवर चांगला दिसत होता. साबणाने धुतला, वाळवला, १८० नंबरच्या पेपरने घासला आणि प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा मारला. पाच मिनिटांत प्रायमर जागोजागी मागे सरकला. गोल गोल खड्डे पडले, मधे उघडा पत्रा आणि भोवती रंगाची कड. पेंटर लोक याला ‘फिश आय’ म्हणतात. मी घाईने दुसरा हात मारला. खड्डे तिथेच राहिले, फक्त कडा जाड झाल्या. शेवटी ओला प्रायमर थिनरने पुसून टाकला. बाबांनी वीस वर्षं जपलेली गाडी आपण पहिल्याच दिवशी बिघडवली, हे त्या रात्री मनातून जात नव्हतं.

सकाळी बाबांना दाखवलं. ते वाकले, पट्टीच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. चिकट होतं. “अगं, आत मेण मारलेलं आहे. पोकळीत. दर दोन वर्षांनी मारायचो मी.”

“आणखी कुठे काय काय मारलंय, बाबा?”

ते विचारात पडले. नोंद कुठेच नव्हती. पण माळ्यावर जुने डबे होते. ते खाली काढले, आणि कागदावर गाडीचं चित्र काढून आम्ही दोघं बसलो. बाबा आठवून सांगत होते, मी वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलींनी भाग रंगवत होते. चाकांच्या कमानी आणि चॅसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, डांबरी अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला द्यायचा जाड थर). आतल्या फरशीच्या पत्र्यावर गंज काळा करणारं द्रावण. बॅटरीच्या खाली आणि पुढच्या आडव्या पट्टीवर हवेतल्या ओलाव्याने कडक होणारं काळं, चकचकीत युरेथेन. वेल्डिंगच्या सांध्यांवर जस्ताचा फवारा. दारं आणि फूटबोर्डच्या पोकळ्यांत मेण. एकाच गाडीवर पाच गोष्टी, आणि पुढे कळलं की पाचांचं उत्तर वेगवेगळं आहे. तुम्ही असं काम काढणार असाल तर पहिला खर्च कागद-पेन्सिलीचा करा. आधीच्या मालकाला विचारता येत असेल तर जरूर विचारा.

आठवणीवर सगळं सोडता येत नाही, म्हणून ९ फेब्रुवारीचा दिवस नुसता तपासणीत घालवला. साधन म्हणजे पांढऱ्या सुती चिंध्या, टर्पेंटाइन, लॅकर थिनर आणि पाण्याची बाटली. आधी पाणी शिंपडायचं. पत्रा स्वच्छ असेल तर पाणी सलग पसरतं. मेण किंवा तेल असेल तर थेंब गोळा होऊन घरंगळतात. मग टर्पेंटाइनची चिंधी फिरवायची. चिंधी तपकिरी-काळी झाली आणि थर मऊ पडला तर डांबर, पिवळसर ओशट झाली तर मेण. मग थिनरची ओली चिंधी अर्धा मिनिट दाबून ठेवायची. रंग चिंधीवर उतरला तर तो नुसतं थिनर उडून गेल्याने सुकणारा रंग आहे, त्यावर जहाल थिनरचा रंग मारला की खालचा थर सुरकुतणार. काहीच झालं नाही तर तो रासायनिक क्रियेने पक्का झालेला थर आहे, घासून त्यावर काम करता येईल. ही परीक्षा प्रत्येक भागात दोन-तीन ठिकाणी करावी. आमच्या उजव्या कमानीत पुढे डांबर होतं आणि मागे रबरी अंडरकोटिंग. ते बाबांनाही आठवत नव्हतं.

याच दिवशी आडव्या पट्टीच्या मागे, जुन्या रंगाखाली नारिंगी थर दिसला. रेड ऑक्साइड हा नेहमीचा प्रायमर गेरूसारखा तांबूस असतो, कारण त्यात लोहाचं ऑक्साइड असतं. हा मात्र थेट शेंदरी होता. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि जुन्या काळी गंजरोधक प्रायमरमध्ये ते सर्रास वापरलं जाई. शिसं ओळखणाऱ्या तपासणीच्या काड्या मागवल्या, त्या यायला आठ दिवस गेले. काडी लाल झाली. तेवढ्या भागाला मी कोरडा पेपर लावला नाही. पाणी मारत वॉटर पेपरने घासलं, गाळ चिंधीने टिपून बंद डब्यात ठेवला, कपडे वेगळे धुतले, आणि त्या दिवसांत भाचरांना अंगणात येऊ दिलं नाही. जुन्या गाडीवर नारिंगी किंवा पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर मशीन लावण्याआधी थांबा. पिवळट-हिरवा झिंक क्रोमेट असू शकतो, आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे.

काड्यांची वाट पाहत होते त्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात जाऊन आले. मला गाडी फिकट करड्या रंगाची करायची होती. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा तर अर्ज द्यायचा, गाडी दाखवायची, नवी नोंद करून घ्यायची. एका फेरीत अर्ज मिळाला, दुसऱ्या फेरीत कळलं की सोबत जोडायचे कागद आणखी वेगळे आहेत. त्या बाईंनी एक गोष्ट मात्र फार मोलाची सांगितली: “रंग कुठलाही द्या, चॅसिस नंबर वाचता आला पाहिजे.” मी घरी येऊन पाहिलं तर नंबरावर डांबराचा थर होता. दोन्ही फेऱ्या त्या एका वाक्यासाठी कामी आल्या. नंबर टर्पेंटाइनने मोकळा केला, फोटो काढून ठेवले आणि शेवटपर्यंत त्यावर मास्किंग टेप ठेवली. रंगाचा विचारही तिथेच बदलला. कागदावर हिरवा आहे, हिरवाच ठेवायचा. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, तेव्हा रंग विकत घेण्याआधी आपल्याकडे विचारून घ्या.

१६ फेब्रुवारीपासून मेण काढायला घेतलं. सगळ्यांत जास्त दमवलं ते याच कामाने. मेणाच्या आणि लॅनोलिनच्या (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाच्या) थरावर कुठलाही रंग धरत नाही, कारण हे थर मुद्दामच न सुकणारे केलेले असतात. ओरखडा पडला तर ते सरकून तो भरतात. गंजाविरुद्ध तोच त्यांचा गुण, आणि रंगाच्या वेळी तीच अडचण. माझी पहिली चूक अशी की मी धुऊन लगेच पेपर लावला होता. पेपरने मेण निघत नाही, ते ओरखड्यांच्या आत दाबलं जातं. म्हणून आधी पुसायचं, मग घासायचं, मग पुन्हा पुसायचं. पुसायला चिंध्या दोन लागतात: एक मेण काढणाऱ्या द्रावणात भिजवलेली, दुसरी कोरडी. पहिलीने ओलं करून ते वाळायच्या आत दुसरीने टिपून घ्यायचं. वाळू दिलं तर मेण नुसतं जागा बदलतं. दर दोन वीत पत्र्यामागे मी चिंधी पालटत होते. कंजूषपणा केला की पाण्याचे थेंब पुन्हा गोळा व्हायचे.

तीन रविवारांनी बाहेरचा पत्रा पाण्याच्या परीक्षेत पास झाला. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात राहिली आणि सांध्यांतून, पाणी निथळायच्या भोकांतून पिवळे ओघळ आले. पोकळीतलं मेण तापून बाहेर आलं होतं. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. मग ठरवलं की मेणाला आत राहू द्यायचं, पण त्याची वाहण्याची सवय आधी संपवायची. हीट गनच्या मंद आचेवर पट्ट्या थोड्या थोड्या तापवल्या, सुटं मेण भोकांतून निथळू दिलं, आणि चार दिवस गाडी रोज उन्हात उभी केली. ओघळ थांबल्यावर सांधे पुसले, त्यावर रंग घेणारं सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवायची लुकण, भरलं. सिलिकॉनचं सीलंट इथे चालत नाही, त्यावरही रंग धरत नाही. निथळायची भोकं बुजवली नाहीत, आत काडी घालून मोकळी केली. ती बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून जातो.

एक सावधगिरी इथेच सांगते. ओशट आणि रंगाच्या चिंध्या चुरगळून ढिगात टाकू नका. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं किंवा अल्कीड रंग (नेहमीचं सिंथेटिक एनॅमल याच जातीचं) लागलेल्या चिंध्या सुकताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. मी त्या पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून ठेवत होते.

डांबराचं प्रकरण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मेणाने शहाणं केल्यामुळे यावेळी आधी कमानीच्या आत हातभर जागेवर नमुना करून पाहिला. अर्ध्यावर सिंथेटिक एनॅमल, अर्ध्यावर जहाल थिनरचा प्रायमर. एनॅमलमधून दोन दिवसांत तपकिरी डाग वर आले, कारण रंगातलं थिनर डांबर थोडं विरघळवतं आणि ते रंगात मिसळून वर येतं. फिकट रंग असता तर फारच दिसलं असतं. प्रायमरवाला अर्धा भाग तर सुरकुतून उचलला गेला. आठवड्याने एनॅमललाही बारीक भेगा पडल्या, सुसरीच्या पाठीसारख्या. खालचा थर मऊ, वरचा कडक. उन्हात खालचा सरकतो आणि वरचा तडकतो.

यावर दोन मार्ग असतात. अडवणारा थर मध्ये द्यायचा, किंवा डांबर काढायचं. मी तिसरा घेतला: जिथे डांबर पत्र्याला घट्ट धरून आहे आणि कुणाला दिसत नाही, तिथे त्यावर काहीच द्यायचं नाही. पण ते घट्ट आहे हे तपासलं पाहिजे. पटाशीचं टोक दर वीतभर अंतरावर दाबून पाहिलं. टोक घट्ट लागलं तर ठीक. पोकळ आवाज आला किंवा पोपडा उचलला गेला तर तेवढा भाग काढायचा. डाव्या मागच्या कमानीत तळहाताएवढ्या पोपड्याखाली ओला, थरांथरांचा गंज निघाला. वरून तो भाग सगळ्यांत चांगला दिसत होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे थर आतून उचलला जातो आणि त्या फटीत पाणी कोंडून राहतं. डांबर काढायला पहाटेची वेळ बरी. गार असताना ते ठिसूळ होतं, पटाशीने टवके उडतात. उरलेलं हीट गनने मऊ करून खरवडलं आणि शेवटची काळी छटा टर्पेंटाइनने पुसली. ब्रेकचे पाइप, रबरी नळ्या आणि इंधनाची टाकी यांच्याजवळ मी हीट गन नेलीच नाही.

फरशीवरचा काळा थर सोपा निघेल असं वाटलं होतं, पण तो समजून घ्यावा लागला. गंज काळा करणाऱ्या द्रावणात टॅनिन असतं. गंजातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की निळसर काळं संयुग तयार होतं. मायफळ आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच क्रियेने व्हायची. म्हणजे या द्रावणाला काम करायला गंज लागतो. चकचकीत लोखंडावर ते नुसतं वरवर बसतं आणि पुढे सोलून निघतं. बाबांनी पूर्ण फरशीला ब्रश मारला होता, त्यामुळे गंजक्या भागात थर पक्का आणि स्वच्छ भागात नखाने निघणारा. नखाने निघेल ते सगळं काढलं. पोपडे सुटणारा गंज तारेच्या ब्रशने घासून, घट्ट चिकटलेला पातळ गंज तेवढा ठेवून तिथे नवं द्रावण लावलं आणि डब्यावर सांगितलंय तेवढे ४८ तास थांबले.

एका कोपऱ्यात मी दुसऱ्या जातीचं, फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वापरलं होतं. त्यावर नमुन्यादाखल दिलेला इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून घट्ट होणारा) तीन दिवसांनीही चिकट राहिला. आम्लाचा अंश उरला तर इपॉक्सीचं हार्डनर नीट काम करत नाही. तो कोपरा खरवडला, पाण्याने पुनःपुन्हा धुतला, वाळवला, घासला. आम्ल आणि इपॉक्सी एकत्र येणार असतील तर दोन्ही डब्यांवरच्या सूचना आधी शेजारी ठेवून वाचा.

काळ्या चकचकीत युरेथेनला मात्र फार वेळ द्यावा लागला नाही. हा थर दगडासारखा असतो, पण उन्हात त्याचा रंग उडतो आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो, म्हणून उघड्या जागी त्यावर रंग हवाच. नवा मारत असाल तर तो बोटाला किंचित ओढ देतो त्या वेळात वरचा थर द्यायचा. आमचा कित्येक वर्षांपूर्वीचा. तिथे २२० आणि मग ३२० चा पेपर, चमक पूर्ण मरेपर्यंत. एकही चकचकीत ठिपका राहता कामा नये, रंग नेमका तिथूनच सुटतो. जस्ताच्या फवाऱ्याबद्दल एकच सांगते. त्यावर थेट एनॅमल देऊ नका. अल्कीड रंग आणि जस्त यांची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. मध्ये इपॉक्सी असलं की हा प्रश्न येत नाही.

२३ मार्चला इपॉक्सी द्यायचं ठरलं होतं, पण हवा दमट झाली. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं त्यापेक्षा, निदान ३ अंश जास्त असावं लागतं. हवा २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १६ अंश, म्हणजे पत्रा १९ च्या वर हवा, आणि सकाळी पत्रा हवेपेक्षा गार असतो. डोळ्याला कोरडा दिसणारा पत्रा खरंच कोरडा असेलच असं नाही. एक आठवडा थांबले. घासलेल्या उघड्या पत्र्यावर तोवर नारिंगी झाक आली, ती पुन्हा घासावी लागली. तेव्हा खूप चिडचिड झाली, पण थांबल्याचं वाईट वाटत नाही.

३० मार्चला इपॉक्सीचे दोन हात दिले. वरच्या रंगासाठी माझ्या डब्यावर घासल्याशिवाय सात दिवसांची मुदत होती. ती टळेल अशी शंका होती, म्हणून ३२० ने हलकं घासूनच ६ आणि १३ एप्रिलला हिरवं सिंथेटिक एनॅमल मारलं. हार्डनर मिसळून मारायचा, दोन भागांचा टू-के रंग जास्त टिकाऊ असतो हे मान्य, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्यावर काहीच कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो माझ्याकडे नव्हता. टू-के हवा असेल तर ते काम तशी सोय असलेल्या पेंटरकडे द्या. इपॉक्सीलाही हातमोजे घाला, त्वचेला एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर रंग आणि प्रायमर मिळून एकूण खर्चाचा तिसरा हिस्सासुद्धा झाला नाही. बाकी सगळं द्रावणं, चिंध्या, पेपर, पटाशीची पाती आणि मास्कच्या कार्ट्रिजमध्ये गेलं. अंदाज बांधताना रंगाच्या डब्यावरून बांधू नका.

एनॅमल आठवडाभर सुकल्यावर, २० तारखेला, फरशीच्या कोपऱ्यात परीक्षा घेतली. ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, थर जाड असल्यामुळे ३ मिलिमीटर अंतराने. त्यावर टेप दाबून झटक्यात ओढायची. पंचवीस चौकोनांपैकी एकही निघाला नाही. दाराच्या पट्टीवर, जिथे पहिल्या दिवशी खड्डे पडले होते, तिथेही केली. एका चौकोनाचा कोपरा उडाला. मी तो रंग काढला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहीन. बाबा टेप उजेडात धरून बराच वेळ बघत होते.

गाडीची तपासणी २५ तारखेला झाली. अधिकाऱ्यांनी चॅसिस नंबर पाहिला, खाली टॉर्च मारून ब्रेकचे पाइप पाहिले, दोन ठिकाणी हातोडीने ठोकलं. अडीच तास रांगेत आणि दहा मिनिटं तपासणीत.

सगळ्यात शेवटी, २७ एप्रिलला, पोकळ्यांत नवं मेण मारलं. रंग आधी, मेण नंतर, हा क्रम चुकवू नका. मग एका जाड कार्डावर लिहिलं: कुठल्या भागात कोणते थर, कुठल्या क्रमाने, कोणत्या तारखेला. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला निघाले तेव्हा बाबांनी पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: “दारं आणि फूटबोर्ड आतून मेणाने भरलेले आहेत. वेल्डिंग करण्याआधी साफ करणे, पेट घेते.”